स्क्रूवाली फोरसाइट की खाचेतली? माझी माशी कुठे शिंकली ते सांगतो

कॉम्पॅक्ट पिस्तूल घ्यायचं ठरलं की मॅगझिनमध्ये किती गोळ्या, वजन किती, ट्रिगर कसा, यावर लोक तासन्‌तास बोलतात. ते सगळं तुम्ही वाचून झालेलं असणार, म्हणून मी त्यात शिरत नाही. मला एकाच गोष्टीवर बोलायचंय जी घेताना कुणी विचारत नाही, मीही विचारली नव्हती आणि मग दीड महिना भोगलं. फोरसाइट, म्हणजे नेम धरायची पुढची खूण, स्लाइडवर, म्हणजे गोळी झाडली की मागे-पुढे धावणाऱ्या वरच्या भागावर, बसवलीय कशी?

ढोबळमानाने दोन प्रकार. एकात स्लाइडच्या पुढच्या टोकाला आरपार भोक असतं, फोरसाइटचा खुंट वरून त्यात बसतो आणि खालून, म्हणजे स्लाइडच्या पोटातून, एक इवलासा स्क्रू तिला ओढून धरतो. ग्लॉकचं असंच आहे, वॉल्थर पी९९ चंही. दुसऱ्यात स्लाइडवर आडवी खाच कापलेली असते, खाली रुंद वर अरुंद, सुतार लोक डव्हटेल म्हणतात तीच, आणि फोरसाइट बाजूने ठोकून घट्ट सरकवलेली असते. सिग पी३६५ मध्ये पुढची-मागची दोन्ही अशीच. सीझेड ७५ सारखं आडवी पिन मारलेलं प्रकरणही असतं, आणि वॉल्थर पीपीके किंवा बेरेटा ९२एफएस मध्ये तर फोरसाइट स्लाइडमधूनच कोरून काढलेली, सुटायचा प्रश्नच नाही पण बदलायचाही नाही. पण सध्या नवीन कॉम्पॅक्ट बघणाऱ्याची निवड बहुतेक वेळा पहिल्या दोनांतच येऊन अडते म्हणून तेवढंच धरतो.

माझं पहिलं कॉम्पॅक्ट स्क्रूवालं. कंपनीचं नाव घेत नाही, वर सांगितलेल्यांपैकी कुठली नाही एवढं मात्र सांगतो, कारण ग्लॉकवाले लगेच अंगावर येतील आणि ते बरोबरही असतील, त्यांच्याकडे हीच पद्धत वर्षानुवर्षं चाललीय आणि असंख्य लोकांना कधी काही झालेलं नाही. माझ्या नशिबी आलं. नवीन कोरं पिस्तूल, पहिले दोन दिवस मस्त, १० मीटरवर ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा घोळका, हाताच्या पंजात मावेल असा. तिसऱ्या वेळी गोळ्या डावीकडे जायला लागल्या. सगळ्या नाही हां, हीच तर गंमत. चार बरोबर, दोन डावीकडे, मग परत तीन बरोबर.

आता उजव्या हाताच्या माणसाच्या गोळ्या डावीकडे गेल्या की रेंजवर जो येतो तो एकच निदान करतो, ट्रिगर ओढतोयस, दाबत नाहीयेस. मलाही पटलं, कारण मी खरंच ओढतो कधीकधी. मग काय, घरी ड्राय फायर, म्हणजे गोळी न भरता सराव, स्लाइडवर पुढे रिकामी पुंगळी उभी करायची आणि ती न पाडता ट्रिगर दाबायचा, रोज रात्री वीस मिनिटं. पुंगळी पडायची थांबली तरी रेंजवर गोळ्या डावीकडेच. बोट कमी घालून बघितलं, जास्त घालून बघितलं, ग्रिप बदलली, डोळे तपासून आलो (खोटं नाही सांगत). बॅकसाइट (मागची साइट) थोडी उजवीकडे सरकवली तर ज्या गोळ्या बरोबर जायच्या त्या उजवीकडे जायला लागल्या, मग परत होती तिथे आणली.

शेवटी रेंजवर एक काका येतात, फार बोलत नाहीत, ते मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, "मॅगझिन काढ, चेंबर दाखव." चेंबर म्हणजे नळीत गोळी बसते ती जागा. दाखवलं रिकामं. त्यांनी पिस्तूल हातात घेतलं, स्वतः परत एकदा चेंबर बघितलं, आणि अंगठ्याचं नख फोरसाइटला लावून हळूच उजवीकडे ढकललं. टक. सोडलं, डावीकडे ढकललं. टक. आवाज इतका बारीक की इअरमफ काढल्यावर कळला. माझ्या हातात देऊन म्हणाले, "अरे, तुझं बोट बरंय, माशी हलतेय." जुने लोक फोरसाइटला माशी म्हणतात. तर माझी माशी अशी शिंकली होती, अक्षरशः.

इथे थोडं गणित, कारण त्याशिवाय हा किती छोटा प्रकार किती मोठा घोळ घालतो ते कळत नाही. कॉम्पॅक्टवर पुढची आणि मागची साइट यात अंतर असतं साधारण १५० मिलिमीटर. फोरसाइट ०.३ मिलिमीटर उजवीकडे कलली, म्हणजे डोळ्याला दिसणारही नाही इतकी, तर तुम्ही ती मागच्या साइटच्या फटीत मधोमध आणायला नळी नकळत डावीकडे वळवता, आणि १० मीटरवर गोळी २० मिलिमीटर डावीकडे, २५ मीटरवर ५०. मोठ्या पिस्तुलाला हे अंतर जास्त असतं म्हणून त्यावर तेवढ्याच ढिलेपणाची शिक्षा थोडी कमी. कॉम्पॅक्ट माफ करत नाही. आणि वर ती फोरसाइट एका जागी कलून राहिली असती तर निदान सगळ्या गोळ्या सारख्या चुकल्या असत्या, ही बया दर धक्क्याला इकडे नाहीतर तिकडे.

आता स्क्रू का सुटतो. मला वाटायचं खेचला गेला की सुटत असेल, म्हणजे वर-खाली जोर आला की. पण मेकॅनिकल शिकलेल्या एका मित्राने सांगितलं की १९६९ मध्ये गेरहार्ड युंकर नावाच्या जर्मन इंजिनिअरने दाखवलं होतं की स्क्रूच्या लांबीच्या दिशेने हादरे देण्यापेक्षा त्याला आडवे हादरे दिले तर तो जास्त लवकर स्वतःहून फिरून सुटतो, आटे किंचित घसरतात आणि प्रत्येक घसरणीला थोडासा उलटा फिरतो. आता फोरसाइटचा स्क्रू बघा, तो उभा, आणि स्लाइड धावते आडवी, मागे जाऊन आपटते, पुढे येऊन आपटते. म्हणजे प्रत्येक गोळीला त्याला नेमका नको तो हादरा, दोनदा. त्यात स्क्रू एवढासा, आटे मोजकेच, आणि आपण साफसफाई करताना सॉल्व्हंट आणि तेल तिथेच पाझरवतो.

खाचेतल्या फोरसाइटचं उलटं आहे. खाच स्लाइडच्या धावेला आडवी, म्हणजे स्लाइड आपटते तेव्हा फोरसाइट खाचेच्या भिंतीलाच दाबली जाते. सुटायचं तर तिला डावी-उजवीकडे सरकायला हवं, आणि त्या दिशेला फारसा जोरच नाही. मला तरी हे कारण पटतं. तुम्हाला शास्त्रीय पुरावा हवा असेल तर माझ्याकडे माझ्याच दोन पिस्तुलांशिवाय काही नाही.

पण स्क्रूवालीची बाजू अगदीच लंगडी नाहीये. बदलायची झाली तर पातळ भिंतीचा छोटा नट ड्रायव्हर आणि दहा मिनिटं, घरच्या टेबलावर. गोळ्या खाली लागतायत, बुटकी फोरसाइट हवी, किंवा कंपनीची पांढऱ्या ठिपक्याची नको चमकणारी हवी, आज हे उद्या ते असं करणाऱ्या माणसाला हेच बरं. आणि भोक मधोमध असल्याने नवीन फोरसाइट आपोआप मधोमध बसते, डावं-उजवं जे करायचं ते मागून.

खाचेतलीला हे सुख नाही. माझ्या दुसऱ्या पिस्तुलाची फोरसाइट मला किंचित उंच हवी होती, म्हटलं पितळी पंच आणि हातोडीने करू घरी, चार टोले मारले, ती हलेचना, पाचव्याला पंच घसरला आणि स्लाइडवर चरा. गन्समिथकडे नेलं, त्याने व्हाइससारखं स्क्रूने ढकलायचं अवजार लावलं आणि तेव्हा कुठे कुरकुरत बाहेर आली. ट्रिटियमवाली (अंधारात आपोआप चमकणारी) असेल तर हातोडी लावूच नका, आत काचेची नळी असते, आणि तसंही ट्रिटियम साधारण १२ वर्षांत अर्ध्यावर येतं म्हणजे ही कसरत कधीतरी करावी लागणारच. खाच ढिली कापलेली असेल तर ही पण सरकू शकते, म्हणजे अमरपट्टा घेऊन आलेली नाही.

फक्त ती सरकली तर दिसते, हा माझ्यासाठी मोठा फरक. मी बायकोची नेलपॉलिश घेऊन फोरसाइट आणि स्लाइड दोन्हींवरून जाईल अशी एक बारीक लाल रेघ मारलीय. रेघ तुटली की सरकली, संपला विषय. स्क्रूवालीची ढिलाई अशी पकडता येत नाही कारण ती हलते आणि परत जवळपास सरळ येऊन बसते, रेघ आपली जशीच्या तशी, आणि तुम्ही स्वतःच्या बोटाला शिव्या घालत बसता. मला राग स्क्रू सुटल्याचा नाही आला एवढा, दीड महिना मी स्वतःवर शंका घेतली त्याचा आला.

आणि त्यावर कळस म्हणजे स्क्रू घट्ट करून, थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा गोंद) लावून, परत रेंजवर गेलो तर आठव्या गोळीनंतर नेम धरला आणि समोर काहीच नाही. नुसती सपाट स्लाइड. फोरसाइट उडून गेली होती, ती सापडली पुढे जमिनीवर, स्क्रू मात्र स्लाइडच्या आत नळीला चिकटून बसलेला तेलात. हा आत कुठेतरी अडकला असता तर काय, हा विचार अजून येतो.

तर घेताना काय करायचं. तुम्ही वर्षाला दोन-चार वेळाच रेंजवर जाणार आणि साइट बदलून बघायची हौस असेल तर स्क्रूवालं घ्यायला माझी काही हरकत नाही, बाकी पिस्तूल आवडलं असेल तर केवळ यासाठी सोडू नका. पण दोन आवडलेली असतील आणि मन हो-नाही करत असेल, तर मी खाचेतली आणि शक्यतो स्टीलची फोरसाइट असलेलं उचलेन, उचललंच. ते दुसरं माझ्याकडे आल्यापासून गोळ्या मोजल्या नाहीत पण पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त झाल्यात आणि लाल रेघ अखंड आहे, आता डावीकडे गोळी गेली तर ती माझीच असते. रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम धरायची काचेची साइट) लावणार म्हणून सुटका झाली असं समजू नका, तोही छोट्या स्क्रूंवरच बसतो आणि तेही सुटतात.

स्क्रूवालं आधीच घेतलं असेल तर घाबरू नका. पिस्तूल रिकामं करा, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने दोन्ही बघा, स्लाइड उतरवा. स्क्रू काढून तो आणि फोरसाइटचे आटे तेल अजिबात राहणार नाही असे पुसा, कारण तेलावर थ्रेडलॉकर धरत नाही. निळा किंवा बारीक स्क्रूसाठीचा जांभळा घ्या, लाल नको, तो गरम केल्याशिवाय सुटत नाही आणि प्लॅस्टिकची फोरसाइट त्या आचेत गेलीच म्हणून समजा. एकच थेंब, फक्त आट्यांवर, प्लॅस्टिकवर ओघळू देऊ नका, काही प्लॅस्टिकला त्याने तडे जातात. बेताने आवळा, स्क्रू लहान आहे, मनगट मोठं आहे. मग पूर्ण २४ तास हात लावू नका. मी सहा तासांत रेंजवर पळालो होतो, आणि थ्रेडलॉकर लावूनही फोरसाइट उडाली ती बहुतेक त्यामुळेच.