लिबरऑफिसचं बगझिला: देवनागरीत काम करणाऱ्यांनी इथे खातं उघडावंच

मी स्मरणिका आणि लहान पुस्तकांची अक्षरजुळणी करते, तीही बहुतेक लिबरऑफिस या मोफत ऑफिस-संचातल्या रायटर या लेखनाच्या प्रोग्रॅममध्ये. पण हे परीक्षण रायटरचं नाही. त्यातल्या चुका जिथे नोंदवल्या जातात, त्या बगझिला या वेबसाइटचं आहे. ती लिबरऑफिसमागची संस्था डॉक्युमेंट फाउंडेशन चालवते. सवड मिळेल तेव्हा मी तिथे इतरांनी नोंदवलेले बग तपासते. मला प्रोग्रामिंग येत नाही आणि या कामात त्यावाचून काही अडतही नाही.

बगझिला मुळात १९९८ साली मोझिला या ब्राउझर-प्रकल्पासाठी तयार झालं आणि त्याचा तोंडवळा अजून जुनाच आहे. फॉर्म लांबलचक, रकाने भरपूर, सगळं इंग्रजीत. गिटहबसारख्या, कोड ठेवायच्या नव्या साइटची सवय असलेल्याला ते जड जाईल. मला मात्र त्यातली शिस्त आवडते. नवा बग 'अनकन्फर्म्ड' म्हणून लागतो. दुसऱ्या कोणी आपल्या मशीनवर तीच चूक घडवून पाहिली, की तो 'न्यू' होतो. आपल्याच बगला आपणच दुजोरा द्यायचा नाही, हा तिथला शिरस्ता. त्यामुळे डेव्हलपरपर्यंत पोचलेला बग निदान दोघांनी पाहिलेला असतो.

देवनागरीच्या बाबतीत हा दुजोरा आपल्यालाच द्यावा लागतो. समजा, कोणी लिहिलं की 'कऱ्हाड' हा शब्द शोधला तर सापडत नाही, आणि सोबत स्क्रीनशॉट जोडला. त्या चित्रावरून काहीही कळत नाही. तो अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो: नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि त्यापुढे झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, आतले युनिकोड आकडे, म्हणजे संगणक अक्षर ज्यावरून ओळखतो ते क्रमांक, वेगळे. रायटरची मूळ ओडीटी फाइल जोडलेली असेल, तर अक्षराशी कर्सर ठेवून ऑल्ट-एक्स दाबलं की आकडे समोर येतात. मग दोष शोधयंत्रणेचा की कीबोर्डचा, याचा निवाडा करता येतो. ज्याला मराठी वाचता येत नाही, त्याला यात काही बिघडलंय हेच दिसणार नाही.

जोडाक्षर फुटलं असेल तर आणखी एक तपासणी करावी. आवृत्ती ५.३ पासून, म्हणजे २०१७ पासून, लिबरऑफिस सगळ्या प्रणालींवर अक्षरं मांडायला हार्फबझ नावाचं सॉफ्टवेअर वापरतं. फायरफॉक्स ब्राउझरही तेच वापरतो. तोच मजकूर त्याच फॉन्टमध्ये दोन्हीकडे बघायचा. दोन्हीकडे फुटत असेल तर बहुधा फॉन्टकडे बोट जातं, फक्त रायटरमध्ये फुटत असेल तर बग इथलाच. एवढी एक ओळ नोंदीत लिहिली तरी पुढच्या माणसाचे कितीतरी कष्ट वाचतात.

सगळ्यात कौतुक वाटतं ते बायबिसेक्टचं. जुन्या आवृत्तीत नीट चालणारी गोष्ट नव्यात बिघडली, तर मधल्या काळातल्या तयार बिल्ड्सचा, म्हणजे थेट चालवता येणाऱ्या लिबरऑफिसच्या प्रतींचा, साठा उतरवून घ्यायचा, मधली बिल्ड चालवायची, 'चांगली' की 'वाईट' ते सांगायचं, आणि उरलेल्या अर्ध्यातून पुन्हा मधली. हजार बिल्ड्स असल्या तरी दहाएक फेऱ्यांत नेमका कुठल्या बदलाने घोळ केला ते हाती लागतं. कोड वाचावा लागत नाही. साठे काही जीबींचे असतात, तेव्हा मोबाइलच्या डेटावर याच्या नादी लागू नका. दुरुस्ती झाली की कोडमधल्या बदलाच्या संदेशातल्या टीडीएफ क्रमांकावरून, म्हणजे बगच्या क्रमांकावरून, बगच्या पानावर आपोआप नोंद पडते आणि दुरुस्ती कुठल्या आवृत्तीत येणार तेही कळतं.

उणं काय? बग 'न्यू' झाला म्हणून लगेच दुरुस्त होत नाही. काही वर्षानुवर्षं पडून राहतात, आणि मधूनच पुन्हा तपासून सांगा असा साचेबद्ध निरोप येतो. नवख्याला तो निरोप कोरडा वाटतो, पण त्याला उत्तर द्या. 'नीडइन्फो'मध्ये, म्हणजे 'आणखी माहिती हवी' या स्थितीत, पडलेला बग सहा महिने कोणी हात लावला नाही तर आठवण येते, आणि तरीही उत्तर नसेल तर नंतर बंद होतो. आधीचा तसाच बग शोधून काढणं हेही कटकटीचं काम. त्यासाठी शीर्षकात 'मेटा' असलेले बग बघा. एका विषयाचे सगळे बग त्यांना जोडलेले असतात.

'व्हर्जन' रकान्यात आपली आवृत्ती लिहायची नसते, चूक जिथून दिसायला लागली ती सर्वात जुनी आवृत्ती लिहायची. आपल्या मशीनची माहिती हेल्पमधल्या अबाउट चौकटीतून कॉपी करून खाली मजकुरात टाकावी. आणि गिऱ्हाइकाची फाइल कधीही जशीच्या तशी जोडू नका, तिथलं सगळं जगाला दिसतं. चूक घडवणाऱ्या दोन ओळी ठेवा, बाकीचं उडवा, आणि त्या छोट्या फाइलीतही चूक दिसते ना, ते पाठवण्याआधी बघून घ्या.