फलकांवरून गाळलेले नकार

आमच्या शहरातील विद्यापीठाने यंदा ८ मार्चच्या निमित्ताने स्त्रियांच्या कर्तृत्वावर आणि समानतेवर प्रदर्शन भरवले. मुख्य इमारतीच्या तळमजल्यावरील दोन दालने, विद्यार्थिनींनी घडवून आणलेली परिसरफेरी आणि बचत गटांची खाद्यदालने असे त्याचे स्वरूप होते. प्रदर्शनास प्रवेशमूल्य नव्हते. फेरीसाठी पन्नास रुपये आणि पुस्तिकेसाठी एकशे वीस रुपये आकारले जात होते. मी दोनदा गेले, एकदा एकटी आणि दुसऱ्यांदा बारावीनंतरच्या प्रवेशाची चौकशी करणाऱ्या भाचीला घेऊन. विद्यापीठाचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण मला जे खटकले ते याच एका ठिकाणी घडते असे मानण्यास मला काही आधार नाही. माझी हयात ग्रंथालयात गेल्यामुळे चित्रापेक्षा चित्राखालचा मजकूर आधी वाचण्याची सवय जडली आहे, आणि हे परीक्षण बहुतांशी त्या मजकुराचेच आहे.

पहिल्या दालनाची मांडणी देखणी होती. फलक डोळ्यांच्या उंचीवर होते, अक्षर मोठे होते, आणि काचेवर उजेड पडून वाचता येऊ नये असा नेहमीचा प्रकार कोठेही नव्हता. प्रारंभ अर्थातच सावित्रीबाई फुले यांच्यापासून केला होता, आणि तो फलक उत्तम होता. १८४८ साली पुण्यातील भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली एवढेच सांगून तो थांबत नव्हता. शाळेच्या वाटेवर त्यांच्या अंगावर शेण आणि दगड फेकले जात, म्हणून त्या जवळ दुसरे लुगडे बाळगत, हेही त्यावर स्पष्ट लिहिले होते. वाचणाऱ्याला कर्तृत्व आणि त्याला झालेला विरोध एकाच वेळी समजत होता. पुढील सर्व फलक याच रीतीने लिहिले जातील अशी माझी अपेक्षा झाली, परंतु शाळेकडून महाविद्यालयाकडे आणि महाविद्यालयाकडून विद्यापीठाकडे जावे तसतसा विरोध करणारा हळूहळू मजकुरातून नाहीसा होत गेला. शेण फेकणारे निनावी लोक फलकावर राहिले. प्रवेश, पदवी आणि शिष्यवृत्ती नाकारणाऱ्या संस्था मात्र राहिल्या नाहीत.

आनंदीबाई जोशी यांच्या फलकाजवळ मी बराच वेळ उभी होते. फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी पदवी घेतली, ही नोंद अचूक आहे. फलकावरील छायाचित्र मात्र कापलेले होते. मूळ छायाचित्र १८८५ सालचे असून त्यात नऊवारीतील आनंदीबाईंच्या सोबत जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली अशा दोन सहाध्यायिनी आपापल्या देशाच्या वेषात बसलेल्या दिसतात. एकाच महाविद्यालयात तीन देशांतून आलेल्या तीन स्त्रिया, हेच त्या छायाचित्राचे मोल आहे. दोघींना कापून एकीला मोठे केल्याने फलक भरला खरा, पण ‘पहिली’ ही नेहमी एकटीच असते असा समज त्याने पक्का केला. त्याच १८८६ साली कादंबिनी गांगुली यांनी कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातून आपले शिक्षण पूर्ण केले, याचाही उल्लेख नव्हता. तो केला असता तर आनंदीबाईंचे काही उणे झाले नसते.

कोर्नेलिया सोराबजी यांच्याविषयी ‘ऑक्सफर्ड येथे कायद्याचे शिक्षण घेणारी पहिली स्त्री’ एवढीच ओळ होती. वास्तविक हा फलक आपल्याकडील वाचकाला सर्वांत जवळचा वाटावा असा होता. त्यांचा जन्म नाशिकचा आणि महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील. तेथे मिळवलेल्या गुणांवर इंग्लंडमधील शिक्षणासाठीची सरकारी शिष्यवृत्ती त्यांच्या वाट्याला यायला हवी होती. ती स्त्री असल्यामुळे नाकारण्यात आली, आणि इंग्लंडमधील हितचिंतकांनी वर्गणी जमवली तेव्हा त्यांना जाता आले. १८९२ साली त्या कायद्याच्या परीक्षेस बसल्या, परंतु ऑक्सफर्ड स्त्रियांना पदवी देऊ लागले ते १९२० पासून, आणि त्यांच्या हाती ती १९२२ साली पडली, त्यामुळे परीक्षा आणि पदवी यांच्यामध्ये तीस वर्षे गेली. एवढा मजकूर चार ओळींत मावतो. तो वाचल्यावर ‘पहिली’ या शब्दाचा अर्थ आपोआप बदलतो.

रखमाबाईंच्या बाबतीत गाळलेला भाग याहून मोठा आहे. लंडन येथे वैद्यकीय शिक्षण घेऊन त्यांनी सुरत आणि राजकोट येथे रुग्णसेवा केली, असे फलक सांगतो. त्याआधी मुंबईच्या न्यायालयात काय घडले, हे सांगत नाही. बालपणी लावून दिलेल्या लग्नातील पतीकडे नांदायला जाण्यास त्यांनी नकार दिला, १८८४ पासून खटला चालला, १८८५ साली एका न्यायमूर्तींनी त्यांच्या बाजूने निर्णय दिला आणि १८८७ साली दुसऱ्यांनी पतीकडे जा अथवा सहा महिने तुरुंगात जा असा आदेश दिला. तुरुंग पत्करण्याची त्यांची तयारी होती. अखेर १८८८ मध्ये तडजोड झाली आणि पुढच्याच वर्षी त्या लंडनला गेल्या. हा खटला गाळून त्यांचे वैद्यकीय शिक्षण सांगणे म्हणजे फोडणी वगळून आमटीची कृती सांगण्यासारखे आहे.

तथापि माझा खरा आक्षेप जैवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांच्या फलकावर आहे, कारण विद्यापीठाच्या आवारात लावलेल्या प्रदर्शनात विद्यापीठीय संशोधनाविषयी तरी नेमके लिहिले जावे अशी अपेक्षा गैर नाही. फलकावर वाक्य होते: ‘१९३३ मध्ये सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश दिला.’ वाक्यात चूक एकही नाही, आणि तरीही ते सत्य सांगत नाही. मुंबई विद्यापीठाच्या परीक्षेत उत्तम यश मिळवून आलेल्या या मुलीचा अर्ज संस्थेचे संचालक असलेल्या रामन यांनी ती मुलगी आहे म्हणून आधी फेटाळला होता; तिने तो नकार मान्य केला नाही, तेव्हा अटी घालून तिला घेण्यात आले. पहिले वर्ष तिने परिवीक्षाधीन, म्हणजे चाचणीवर घेतलेली, म्हणून काढायचे, सांगितले जाईल तेव्हा रात्रीही काम करायचे आणि प्रयोगशाळेतील इतरांचे लक्ष विचलित होऊ द्यायचे नाही, अशा त्या अटी होत्या. वर्षभरातील काम पाहून रामन यांचे मत बदलले आणि त्यानंतर संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. म्हणजे दार रामन यांनी उघडले हे खरे, परंतु ते बंदही त्यांनीच ठेवले होते, आणि उघडायला भाग पाडणारी व्यक्ती फलकावरील वाक्यात कर्ता नसून कर्म झाली आहे. मराठी व्याकरणातील एवढी साधी अदलाबदल इतिहास बदलून टाकते.

याच फलकाच्या उत्तरार्धात केंब्रिजचा उल्लेख आहे. सोहोनी यांनी वनस्पतींच्या पेशींतील ‘सायटोक्रोम सी’ या घटकावर काम करून १९३९ साली तेथून डॉक्टरेट मिळवली. केंब्रिजने स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने पूर्ण पदवी आणि विद्यापीठाचे सदस्यत्व दिले ते १९४८ साली, ही माहिती शेजारी असती तर पाहणाऱ्याच्या लक्षात आले असते की बंगळूरचे दार ओलांडून ही संशोधक ज्या घरात गेली त्या घरातही स्त्रियांना अजून ओसरीवरच बसवले जात होते. दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी, हे मात्र फलकावर आवर्जून दिले होते, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांच्या फलकाबद्दल, ज्याची पहिलीच ओळ ‘महर्षी कर्वे यांच्या स्नुषा’ अशी होती. बर्लिन येथे संशोधन करताना कवटीच्या ठेवणीवरून वंशश्रेष्ठत्व ठरवू पाहणाऱ्या आपल्याच मार्गदर्शकाचे गृहीतक ज्यांच्या मोजमापांनी खोटे पाडले, त्यांची ओळख सासऱ्यांपासून सुरू व्हावी, आणि तीही महिला दिनाच्या प्रदर्शनात, याला काय म्हणावे? खुद्द महर्षी कर्व्यांनाही ते रुचले नसते.

दुसऱ्या दालनात शिरल्यावर मन प्रसन्न झाले. येथे थोर स्त्रियांची चित्रे नव्हती. काचपेट्यांत विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांकडून मिळवलेल्या जुन्या प्रवेशवह्या, वसतिगृहाच्या नियमपुस्तिका आणि परीक्षा अर्ज मांडले होते, आणि प्रत्येकाजवळ एका छोट्या कार्डावर काय पाहायचे ते सांगितले होते. एका प्रवेशवहीत ‘पिता अथवा पती यांचे नाव’ असा एकच रकाना होता, आणि एका विद्यार्थिनीच्या नावापुढे तो रकाना कोरा ठेवून समासात पेन्सिलीने ‘आई’ असे लिहिलेले होते. कारकुनाने लिहिले की मुलीने, हे कार्डाने सांगितले नाही आणि सांगण्याचा आवही आणला नाही, हे मला विशेष आवडले. शेजारीच आजचा शासकीय निर्णय लावला होता: १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय नोंदींत आईचे नाव लिहिणे महाराष्ट्रात बंधनकारक झाले आहे. समासातील पेन्सिलीपासून छापील रकान्यापर्यंतचा हा प्रवास कोणत्याही भाषणावाचून समजत होता. ज्यांनी हे दालन मांडले त्यांनीच पहिले दालन लिहिले असते तर, असे राहून राहून वाटले.

या दालनातील आकडेवारीचा फलक मात्र अर्धवट होता. देशभरात २०२१-२२ या वर्षी उच्च शिक्षणात नोंदलेल्या सुमारे ४.३३ कोटी विद्यार्थ्यांपैकी सुमारे २.०७ कोटी मुली होत्या, ही माहिती मोठ्या अक्षरांत होती. याच विद्यापीठात प्राध्यापकपदावर किती स्त्रिया आहेत, विभागप्रमुख किती आणि अधिष्ठाता किती, हे मात्र कोठेही नव्हते. देशाचे आकडे सापडतात आणि घरचे सापडत नाहीत, हे मला पटले नाही.

फेरी दीड तासाची असून ती पदव्युत्तर वर्गातील दोन विद्यार्थिनींनी घडवली, आणि पन्नास रुपयांत याहून अधिक मिळणे कठीण आहे. मुलींच्या वसतिगृहासमोर त्यांनी आम्हाला थांबवून फाटकावरील सूचना मोठ्याने वाचायला लावली: रात्री दहानंतर प्रवेश नाही. मग रस्ता ओलांडून मुलांच्या वसतिगृहासमोर नेले. तेथे अशी सूचना नव्हती. ‘ग्रंथालयाची अभ्यासिका रात्री बारापर्यंत उघडी असते,’ एवढेच त्यातील एकीने सांगितले आणि ती पुढे चालू लागली. आपल्याच आवारात, आपल्याच कार्यक्रमात हे दाखवू दिल्याचे श्रेय विद्यापीठाला दिले पाहिजे, जरी सूचना काढून टाकली असती तर ते अधिक मिळाले असते.

लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीचा फलक जिन्याखाली, सायकलींच्या आड होता. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनुसार या समितीची अध्यक्ष ज्येष्ठ स्त्री प्राध्यापक असावी लागते, विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरणांत निवडून आलेले तीन विद्यार्थी सदस्य असतात, आणि कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता अथवा विभागप्रमुख समितीवर असू शकत नाहीत. आमच्या मार्गदर्शक मुलींना हे सारे तोंडपाठ होते. फलकावर मात्र सदस्यांची नावे दोन वर्षांपूर्वीची होती, आणि त्यातील एक व्यक्ती निवृत्त झाल्याचे मुलींनीच सांगितले.

भाचीच्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त ठरली ती बाहेरच्या मांडवातील चौकशीची खिडकी. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे, हे तेथील बाईंनी कागदपत्रांच्या यादीसह शांतपणे समजावून सांगितले. वसतिगृह आणि खानावळ यांचा खर्च त्यात धरलेला नाही, हेही लपवले नाही. खाद्यदालनातील थालीपीठ खमंग होते, चहा पाणचट होता. स्त्रियांचे स्वच्छतागृह दुसऱ्या मजल्यावर असून तेथे जाण्यास उद्वाहक नाही, त्यामुळे वयस्कर मंडळींनी मुख्य फाटकाजवळचे स्वच्छतागृह वापरून मगच आत यावे. वाहनतळ सकाळी अकरापूर्वी मोकळा असतो.

पुस्तिका घेण्याची घाई करू नये असे माझे मत आहे. पहिल्या दालनाचा मजकूर तीत जसाच्या तसा छापला आहे आणि दुसऱ्या दालनातील प्रवेशवह्यांचे एकही पान नाही. अभिप्रायवहीत मी कापलेल्या छायाचित्राबद्दल आणि सोहोनींच्या फलकावरील वाक्याबद्दल सविस्तर लिहिले, आणि पर्यायी मजकूरही दिला: ‘१९३३ मध्ये प्रवेश नाकारला गेला असता त्यांनी तो मिळवला.’ दुसऱ्या वेळी गेले तेव्हा छायाचित्र होते तसेच होते, परंतु सोहोनींच्या फलकावर कोणीतरी पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवून त्यावर हे वाक्य सुवाच्य अक्षरांत लिहिले होते.