सेंटिनेल-२ आणि फर्म्स: गोव्यातल्या वणव्यांवर एक पूर्ण मोसम वापरल्यानंतर

सेंटिनेल-२ हा जमिनीच्या प्रतिमा घेणारा युरोपचा उपग्रह, आणि फर्म्स ही उपग्रहांना दिसलेल्या आगी नकाशावर ठिपक्यांनी दाखवणारी नासाची सेवा. नोव्हेंबर ते मे असा अख्खा कोरडा मोसम ही दोन फुकट साधनं सत्तरी, सांगे आणि काणकोणच्या डोंगरांवर वापरून झाली. निकाल आधीच सांगतो. सड्यावरचं, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरचं गवत जळालं तर डाग स्वच्छ दिसतो आणि बांधापर्यंत मोजता येतो. दाट रानात झाडाखालचा पातेरा (पाचोळा) जळाला, तर बऱ्याचदा काहीच दिसत नाही. आणि माहितीपुस्तिकेतले आकडे जसेच्या तसे लावले, तर न जळलेलं रानही जळालेलं दिसतं. तिसरी गोष्ट सर्वात जास्त फसवते.

आधी फर्म्स. नासाच्या या सेवेत व्हीआयआयआरएस या संवेदकाचे ठिपके ३७५ मीटरचे असतात आणि मोडिसचे १ किलोमीटरचे. म्हणजे व्हीआयआयआरएसचा एक ठिपका जवळपास १४ हेक्टर जमिनीच्या वतीने बोलतो. नकाशावर दिसतो तो त्या चौकोनाचा मध्यबिंदू. आग त्यात कुठेही असू शकते, म्हणून ठिपका नदीत पडला तरी हसू नये, काठावरचा डोंगर पाहावा. उपग्रहाच्या पट्ट्याच्या कडेला हा चौकोन आणखी पसरतो, तो किती हे फाइलमधल्या ‘स्कॅन’ आणि ‘ट्रॅक’ या रकान्यांत असतं. हे रकाने कुणी पाहत नाही, आणि मग ‘उपग्रह चुकला’ अशी ओरड होते.

वेळेचा घोळ तर हमखास होतो. फाइलमधली वेळ जागतिक प्रमाणवेळ आहे, त्यात साडेपाच तास मिळवायचे. ८१२ असा आकडा दिसला तर तो ०८१२, म्हणजे आपल्याकडचे दुपारचे १:४२. पुढचं शून्य एक्सेल खाऊन टाकतं. रात्रीच्या फेरीत तारीखही बदलते: फाइलमध्ये तारीख ९ मार्च आणि वेळ २०:१२ असेल, तर आपल्याकडे १० मार्चची पहाट होण्याआधीचे १:४२. रोजचा तक्ता करताना हे सांभाळलं नाही, तर एकच आग दोन दिवसांची वाटते किंवा दोन आगी एकीत जिरतात. व्हीआयआयआरएसचे उपग्रह दुपारी आणि रात्री दीडच्या आसपास येतात. चार वाजता पेटून अकराला विझलेला काजूच्या बागायतीतला पाचोळा दोन्ही फेऱ्यांच्या मधून निसटतो. तेव्हा ठिपका नाही म्हणजे आग नाही, असं धरू नये. दिवसाचे ‘लो’ विश्वासाचे ठिपके बहुधा पाण्याची चकाकी असते, ते बाजूला ठेवावेत. आमोण्याच्या बाजूला लोखंडाच्या भट्ट्या आहेत. तिथे एकाच जागी वर्षभर उष्णता दिसली तर तो वणवा नव्हे.

ठिपका मिळाला की सेंटिनेल-२ ची पाळी. कोपर्निकस ब्राउझर या त्याच्या प्रतिमांच्या संकेतस्थळावर एल२ए (हवेचा परिणाम काढून टाकलेलं) उत्पादन घ्यायचं, आगीच्या आधीची आणि नंतरची ढगविरहित तारीख निवडायची आणि लाल-हिरव्या-निळ्याच्या जागी बी१२ (लघुलहरी अवरक्त), बी८ए (जवळचा अवरक्त), बी४ (लाल) हे प्रकाशाचे पट्टे लावायचे. ताजा जळका भाग काळपट तांबूस दिसतो, जिवंत आग केशरी चमकते. जिवंत आग मात्र क्वचितच सापडते, कारण उपग्रह येतो अकराच्या सुमारास, आणि त्या वेळी डोंगर अजून तापलेला नसतो.

मोजणीसाठी एनबीआर हा जळाल्याचा निर्देशांक: बी८ए मधून बी१२ वजा, भागिले दोघांची बेरीज. आधीच्या एनबीआरमधून नंतरचा वजा केला की डीएनबीआर, म्हणजे दोन्हींतला फरक, मिळतो. प्रचलित तक्त्यात ०.१० च्या खाली न जळलेलं, ०.२७ पर्यंत सौम्य, ०.४४ पर्यंत मध्यम-सौम्य, ०.६६ पर्यंत मध्यम-तीव्र आणि त्यावर तीव्र. हा तक्ता उत्तर अमेरिकेतल्या रानांवर बेतलेला आहे. तिथे शेंडे पेटतात. आपल्याकडे आग जमिनीवरून सरकते, पातेरा आणि रोपटी खाते, आणि वरचा ऐन किंवा किंजळ उभाच राहतो.

गोम इथेच आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये ही झाडं पान टाकतात. पान गेलं की बी८ए उतरतो, बी१२ चढतो, एनबीआर घसरतो. आगीची खूण अगदी हीच. जानेवारीची प्रतिमा ‘आधी’ आणि शिमग्यानंतरची ‘नंतर’ घेतली, तर अख्खा उतार सौम्य जळालेला निघतो आणि नकाशा पिवळाधमक होतो. उपाय दोन, आणि दोन्ही करावेत. पहिला, दोन प्रतिमांमधलं अंतर शक्य तितकं कमी ठेवा, ५ ते १० दिवस. दुसरा, जळलेल्या भागाला लागून असलेला, त्याच उंचीचा, त्याच दिशेचा, नक्की न जळलेला पट्टा निवडून त्याचा सरासरी डीएनबीआर काढा. समजा तो ०.१२ आला, तर तेवढी निव्वळ पानगळ. ती सगळ्यातून वजा करा आणि मगच जळकं-न जळकं ठरवा. हा पट्टा निवडताना आळस केला तर पुढचं सगळं वाया. सदाहरित ओहोळाच्या काठचा पट्टा घेतला तर वजाबाकी कमी पडते, उघड्या माळाचा घेतला तर भलतीच होते.

सड्यावर उलटी अडचण. गवताची राख वाऱ्याने उडते, खालचा जांभा उघडा पडतो, आणि दोन-तीन आठवड्यांत डाग फिका होतो. तिथे आगीनंतरच्या पहिल्या किंवा दुसऱ्या फेरीतलीच प्रतिमा घ्यावी. पुढच्या महिन्यात शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही.

ढग झाकायला एससीएल थर, म्हणजे प्रत्येक पिक्सेलला ढग, सावली, पाणी अशा वर्गाचा क्रमांक देणारा थर, सोयीचा आहे, पण ताजा काळा डाग तो कधी ‘गडद भाग’, कधी ‘ढगाची सावली’ ठरवतो. म्हणजे २ आणि ३ हे वर्ग आंधळेपणाने काढून टाकले, तर जे शोधायचं तेच पुसलं जातं. एप्रिलच्या निरभ्र दिवशी फक्त ८, ९ आणि १० हे ढगांचे वर्ग काढावेत. सह्याद्रीची गोव्याकडची बाजू पश्चिमेला तोंड करून आहे. डिसेंबर-जानेवारीत अकराला सूर्य आग्नेयेला असतो, म्हणून कड्यांखालची रानं सावलीत जातात आणि तिथले आकडे भरवशाचे राहत नाहीत. खाणींचे काळपट पायऱ्यांचे खड्डे तर कायमच ‘जळलेले’ वाटतात. त्यांचा एक मुखवटा, म्हणजे मोजणीतून वगळायच्या जागांचा थर, हाताने आखून ठेवावा, एकदाच वेळ जातो.

क्षेत्रफळ काढताना दोन चुका टाळा. उतरवताना ३२-बिट आकड्यांची फाइल घ्या. ८-बिट चित्रात ऋण मूल्यं कापली जातात आणि उरतं ते फक्त भिंतीवर लावण्याजोगं. क्यूजीआयएस या नकाशांच्या प्रणालीत यूटीएम ४३ उत्तर हे प्रक्षेपण वापरा. वेब मर्केटरमध्ये आपल्या अक्षांशावर क्षेत्रफळ साडेसात टक्क्यांच्या आसपास फुगतं. २० मीटर बाजूचे २५ पिक्सेल म्हणजे एक हेक्टर. चार-पाच सुट्या पिक्सेलांचे पुंजके सरळ गाळावेत.

जुन्या वर्षांशी तुलना करायची तर २५ जानेवारी २०२२ ही तारीख ध्यानात ठेवा. त्या दिवसापासूनच्या प्रक्रियेत मूळ आकड्यांत १००० मिळवलेले असतात, ते वजा करून मग १०,००० ने भागायचं. हे विसरलं की २०२१ आणि २०२३ यांच्या तुलनेत अख्ख्या गोव्यात बदल दिसतो. गूगलच्या अर्थ इंजिनमध्ये ‘हार्मोनाइज्ड’ नावाचा संच घेतला की ही कटकट मिटते. सरावाला मार्च २०२३ चे म्हादई परिसरातले वणवे घ्यावेत. तेव्हा नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी टाकायला आली होती, त्यामुळे तारखा बातम्यांत सहज सापडतात आणि आपला नकाशा पडताळता येतो.

भूआवरणाच्या तयार नकाशांवर फारसा भरवसा नको. युरोपीय अवकाश संस्थेच्या वर्ल्डकव्हरचे २०२० आणि २०२१ हे नकाशे वेगवेगळ्या पद्धतीने केलेले आहेत. त्यांची वजाबाकी म्हणजे जमिनीतला बदल नव्हे. रान तोडून काजू लावला तरी दोन्हीकडे ‘झाडं’च दिसतात. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येतही किमान १ हेक्टर जमिनीवर १० टक्क्यांहून जास्त झाडांचं छत्र असलं की मालकी कुणाचीही असो, ते वनाच्छादन. म्हणून काजू आणि कुळागरं (सुपारी-नारळाच्या बागा) त्यात बसतात, आणि टक्केवारी जागची हलत नाही. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतजमिनीत, भरतीचं पाणी आत घेतलेलं असेल तर शेत ‘पाणी’ होतं. चिरेखाण (जांभ्याचे चिरे काढायची खाण) कधी उघडी जमीन, कधी बांधकाम. विमानतळ झालेल्या मोपाच्या सड्यासारखा ढोबळ बदल मात्र कुठल्याही साधनात लख्ख दिसतो: २०१६ ची आणि विमानं सुरू झाल्यानंतरची २०२३ ची प्रतिमा शेजारी ठेवा, आकडेमोडीचीही गरज नाही.

जून ते सप्टेंबर सेंटिनेल-२ जवळजवळ निकामी, महिनोन्‌महिने नुसता कापूस. तेव्हा रडारचा सेंटिनेल-१ ढगांतून पाहतो आणि नवी डोंगरकापणी सपाट भागात बऱ्यापैकी पकडतो. घाटाच्या उभ्या उतारांवर रडारची प्रतिमा दुमडते, तिथे नाद सोडावा. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरात पहिली स्वच्छ प्रतिमा मिळाली की लगेच उतरवून ठेवायची, पुढच्या मोसमाची आधारप्रतिमा म्हणून. डीएनबीआरसाठी ती वापरू नका, पानगळ आडवी येते. खाणी, चिरेखाणी आणि सावलीचे मुखवटे आखायला ती पुरते.