भारतातील क्रेडिट अमेरिकन विद्यापीठात नेताना : दहा महिन्यांनंतरचा अनुभव

महाराष्ट्रातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शाखेची दोन वर्षे पूर्ण केल्यावर मी टेक्सासमधील एका सरकारी विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीसाठी बदली घेतली. माझ्या गुणपत्रिकांवर चार सत्रांचे मिळून ८८ क्रेडिट होते. परदेशी गुणपत्रिका अमेरिकन मापात मांडणाऱ्या मूल्यांकन अहवालात त्यांचे ६४ झाले, विद्यापीठाने त्यांपैकी ५८ माझ्या खात्यावर जमा केले आणि १२० क्रेडिटच्या पदवीत सुरुवातीला त्यांतले केवळ ३९ धरले गेले. आज तो आकडा ४८ आहे. ३९ वरून ४८ पर्यंत जाण्यासाठी जे करावे लागले, ते आधी कोणी सांगितले असते तर माझे पहिले सत्र वेगळे गेले असते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

८८ चे ६४ झाले तेव्हा घरी सर्वांनाच धक्का बसला होता, पण यात कोणी आपले काही कापून घेत नाही. अमेरिकेत साधारण पंधरा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला एक तास वर्ग आणि त्यावर दोन तास स्वतःचा अभ्यास, असे एका क्रेडिटचे माप मानतात आणि पूर्णवेळ वर्षाचे साधारण ३० क्रेडिट होतात. आपल्याकडे एका सत्रात विषय अधिक, प्रात्यक्षिकांचे तास अधिक, आणि एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या २०१८ च्या आदर्श आराखड्यातही चार वर्षांच्या अभियांत्रिकी पदवीला १६० क्रेडिट आहेत. त्यामुळे मूल्यांकन करणारे आपल्या एका वर्षाचा भार त्यांच्या एका वर्षाशी जुळवून घेतात. आकडा लहान होतो, वर्ष मात्र वर्षच राहते.

अमेरिकेत परदेशी शिक्षणाला मान्यता देणारे एकच सरकारी कार्यालय नाही, प्रत्येक विद्यापीठ स्वतः निर्णय घेते. मूल्यांकनाचे अहवाल देणाऱ्या संस्था खासगी आहेत आणि अनेक विद्यापीठे नासेस या १९८७ मध्ये स्थापन झालेल्या संघटनेच्या सदस्य संस्थांचाच अहवाल स्वीकारतात. वेस आणि ईसीई ही त्यांतली आपल्याकडे परिचित नावे. काही विद्यापीठे मूल्यांकन स्वतःच करतात आणि त्यांना बाहेरचा अहवाल लागतच नाही, तेव्हा पैसे भरण्यापूर्वी प्रवेश कार्यालयाला लेखी विचारून घ्यावे. अहवाल विषयवारच मागवावा. नुसत्या पदवीची किंवा वर्षांची समकक्षता सांगणारा अहवाल स्वस्त पडतो, पण क्रेडिट नेण्यासाठी त्याचा उपयोग होत नाही.

मी ज्या संस्थेकडे अर्ज केला तिचे काम चोख होते, एवढे नमूद करते. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सर्व सत्रांच्या गुणांची अधिकृत प्रत, सीलबंद लिफाफ्यात, लिफाफ्याच्या जोडावर सही आणि शिक्का, अशा पद्धतीनेच पाठवायचे होते. पहिल्या खेपेस शिक्का पाकिटाच्या दर्शनी बाजूला बसला, जोड कोराच राहिला आणि ते पाकीट स्वीकारले गेले नाही. बाबांना त्यासाठी पुन्हा हेलपाटे घालावे लागले आणि पाच आठवडे गेले.

खरा प्रश्न अहवाल हाती आल्यावर सुरू झाला. क्रेडिट स्वीकारले जाणे आणि ते पदवीसाठी उपयोगी पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्कशॉप, इंजिनिअरिंग ग्राफिक्स आणि प्रकल्पाधारित शिक्षण यांचे ६ क्रेडिट स्वीकारलेच गेले नाहीत. स्वीकारलेल्या ५८ पैकी १९ क्रेडिट ‘सर्वसाधारण ऐच्छिक’ या सदरात टाकले गेले, म्हणजे ते खात्यावर दिसतात, पण पदवीच्या कोणत्याही अटीची पूर्तता करत नाहीत. डेटा स्ट्रक्चर्स, डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स आणि डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स हे माझे सर्वांत भक्कम विषय त्याच सदरात गेले होते.

याचे कारण विषयांच्या मांडणीत आहे. आपले एम-१, म्हणजे पहिल्या वर्षाचे इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स, आंशिक विकलन, फूरिए श्रेणी आणि मॅट्रिक्स एकत्र शिकवते, तर तिकडे हाच मजकूर कॅल्क्युलस आणि लिनिअर अल्जेब्रा अशा वेगवेगळ्या विषयांत विभागलेला असतो. लिमिट आणि डेरिव्हेटिव्ह आपण अकरावी-बारावीतच शिकतो, पण बारावी हे शालेय शिक्षण असल्याने त्याचे क्रेडिट मिळत नाही. एम-१ ची सुरुवात त्याच्या पुढे होते हे अभ्यासक्रमावरून दाखवून दिल्यावर मला पहिले कॅल्क्युलस मिळाले. इंजिनिअरिंग फिजिक्समध्ये मात्र प्रकाशशास्त्र, क्वांटम आणि सेमीकंडक्टर असतात, तर तिकडचे पहिले फिजिक्स हे मेकॅनिक्स असते. आपले इंजिनिअरिंग मेकॅनिक्स स्वतंत्र विषय असल्यामुळे ही जोडी कुणाला जुळवता आली नाही आणि तो विषय मी नव्याने घेतला. त्यात मला अन्याय वाटत नाही, कारण प्रयोगशाळेची पद्धत खरोखरच निराळी होती.

डिस्क्रीट मॅथेमॅटिक्ससाठी मी विभागाकडे पुनर्विचाराचा अर्ज केला. सोबत महाविद्यालयाने प्रत्येक पानावर सही-शिक्का केलेला अभ्यासक्रम, घटकवार तास, संदर्भ पुस्तकांची यादी आणि विद्यापीठाची जुनी प्रश्नपत्रिका जोडली. ज्या प्राध्यापिका ते पाहत होत्या त्यांनी पहिल्या घटकातल्या ‘मॅथेमॅटिकल इंडक्शन’ या शब्दांवर बोट ठेवले आणि विचारले, “यात तुम्ही सिद्धता लिहिता, की फक्त उदाहरणे सोडवता?” मोबाइलमध्ये माझ्या वहीच्या पानांची छायाचित्रे होती. निळ्या शाईत लिहिलेली तीन पानी सिद्धता त्यांनी मोठी करून शेवटपर्यंत वाचली. चौथ्या दिवशी तो विषय समकक्ष ठरला. डेटा स्ट्रक्चर्स आणि डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स यांच्या अशाच अर्जांना सहा आठवडे लागले. प्रत्येकी तीन, असे नऊ क्रेडिट पदवीत आले. नुसत्या गुणपत्रिकेवर विषयाचे नाव आणि ग्रेड एवढेच असते. तेवढ्यावर कोणताही प्राध्यापक समकक्षता देणार नाही, आणि देऊही नये असे मला वाटते.

उशीर झाला त्याची किंमत मोठी होती. डेटा स्ट्रक्चर्स मान्य झाल्याशिवाय अल्गोरिदम्स आणि ऑपरेटिंग सिस्टिम्सला नोंदणीच होत नाही. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पदवीच्या विद्यार्थ्याला सत्रात किमान १२ क्रेडिट घ्यावेच लागतात, त्यामुळे पहिल्या सत्रात मी मुख्य शाखेचा एकही विषय न घेता केवळ इतर विषयांनी ते भरले. आमच्या सल्लागारांनी पुनर्विचाराचा अर्ज वर्ग सुरू झाल्यावरच करता येतो असे सांगितले होते. प्रत्यक्षात प्रवेश मंजूर झाल्याचे पत्र मिळताच तो करता येत होता, हे मला विभागाच्या कार्यालयातून डिसेंबरमध्ये कळले.

काही गोष्टींना पर्याय नाही. टेक्सासमधील सरकारी विद्यापीठांत सर्व शाखांना ४२ क्रेडिटच्या विषयांचा समान गाभा असतो आणि अमेरिकेच्या इतिहासाचे ६ व शासनव्यवस्थेचे ६ क्रेडिट राज्याच्या कायद्यानेच बंधनकारक आहेत. भारतातला कोणताही विषय त्यांच्या जागी बसत नाही. इतिहासासाठी कॉलेज बोर्डाच्या क्लेप या, उत्तीर्ण झाल्यास वर्ग न करता क्रेडिट मिळवून देणाऱ्या, परीक्षेचा मार्ग आहे. आपले विद्यापीठ ती स्वीकारते का, हे पाहून इकडे येण्यापूर्वीच तयारी केली तर एका सत्राचा मोठा भार उतरतो.

ग्रेडविषयी कोणी बोलत नाही, म्हणून सांगते. क्रेडिट येतात, ग्रेड येत नाहीत. माझा नऊच्या वरचा पॉइंटर नव्या जीपीएमध्ये, म्हणजे तिकडच्या ग्रेडच्या सरासरीत, मोजला गेला नाही आणि पहिल्या सत्रातल्या चार विषयांवर सगळा जीपीए उभा राहिला. दोन वर्षांची मेहनत त्या रकान्यात दिसत नाही याचे मला वाईट वाटले, अजूनही वाटते. पुढे एमएससाठी अर्ज करताना दोन्हीकडचे ट्रान्सक्रिप्ट द्यावे लागतात, तेव्हा ते गुण पुन्हा समोर येतील.

अहवालाचे पैसे वसूल झाले का, तर हो. तो नसता तर विद्यापीठाने फाइल उघडलीच नसती. पण माझ्यासाठी खरा उपयोगी कागद शिक्क्यांचा अभ्यासक्रम ठरला, आणि तो महाविद्यालय सोडण्यापूर्वी, ज्या वर्षी विषय शिकलो त्याच वर्षाच्या पॅटर्नचा (म्हणजे अभ्यासक्रमाच्या आवृत्तीचा), प्रत्येक विषयासाठी घेऊन ठेवावा. पॅटर्न बदलला की जुनी प्रत मिळवणे फार अवघड जाते. माझ्या मायक्रोप्रोसेसरच्या बाबतीत नेमके तेच झाले आहे. कॉम्प्युटर ऑर्गनायझेशनच्या जागी तो धरावा असा अर्ज विभागाकडे पडून आहे, आणि शिक्का मारलेली जुन्या पॅटर्नची सहा पाने मागच्या सोमवारी बाबांनी कुरिअरने पाठवली आहेत.