डीएमएलटी, पीजी डिप्लोमा की बीएमएलटी? फी भरण्याआधीचा आढावा

निकाल लागले की एसटी स्टँडसमोर फ्लेक्स झळकतात: 'सहा महिन्यांत लॅब टेक्निशियन व्हा, शंभर टक्के नोकरी.' हा कोर्स फुकट मिळाला तरी घेऊ नका. २०२१च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याने या क्षेत्रातल्या सर्वांत खालच्या पातळीच्या पदविकेलाही किमान २,००० तास आणि दोन ते चार वर्षांची मुदत ठरवून दिली आहे. वरच्या पातळीसाठी ३,६०० तास आणि तीन ते सहा वर्षं लागतात. सहा महिन्यांत यातलं काहीच बसत नाही. असं प्रमाणपत्र नोंदणीच्या वेळी उपयोगी पडत नाही आणि तोवर फी गेलेली असते.

उरले तीन रस्ते. बारावी सायन्सनंतर दोन वर्षांचा डीएमएलटी (मेडिकल लॅब टेक्नॉलॉजीची पदविका), बी.एस्सी.नंतर याच विषयाचा एक वर्षाचा पीजी डिप्लोमा आणि बारावीनंतरची बीएमएलटी, म्हणजे याच विषयाची पदवी. बारावी झालेल्याने पैशांची सोय होत असेल तर सरळ पदवी घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. कायद्याची दिशा तासांकडे आहे आणि पदवीत ते आरामात पुरे होतात. बी.एस्सी. मायक्रो किंवा केमिस्ट्री झालेल्यांना पीजी डिप्लोमा सोयीचा वाटतो, आणि सरकारी जाहिरातींत विज्ञान पदवी अधिक डीएमएलटी ही अट नेहमी दिसते, त्यामुळे त्याला अजून किंमत आहे. पण एक वर्षाची मुदत नव्या कायद्याच्या शब्दांत बसत नाही. म्हणून 'या संस्थेच्या विद्यार्थ्यांची नोंदणी होते का' हे महाराष्ट्र परावैद्यक परिषदेकडे लेखी विचारा. संस्थेच्या काउन्सेलरचं तोंडी 'होते, होते' धरू नका.

आता खरा मुद्दा, म्हणजे हात किती चालणार. संस्था बघायला गेलात की वर्गखोल्या सोडा आणि प्रॅक्टिकलची लॅब दाखवा म्हणा. संलग्न हॉस्पिटल किती खाटांचं आहे, रोज किती सॅम्पल येतात, एका मायक्रोस्कोपवर किती मुलं बसतात, शिरेतून रक्त काढायला कधीपासून मिळतं, ते विचारा. बऱ्याच ठिकाणी एक कलरीमीटर, एक सेमी-ऑटो अॅनालायझर अशी साधी यंत्रं आणि भरलेली जर्नल एवढ्यावरच कोर्स उरकतो. असा विद्यार्थी पुढे कलेक्शन सेंटरच्या खुर्चीत अडकतो, कारण मशिनला हात लावायचा आत्मविश्वासच आलेला नसतो.

शेवटच्या वर्षाच्या मुलाला एकच प्रश्न विचारा: रक्ताच्या ट्यूब कोणत्या क्रमाने भरायच्या आणि का? आधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघायची बाटली), मग रंगावरून आणि आतल्या रसायनावरून ओळखायच्या ट्यूब: निळी सायट्रेट, लाल किंवा पिवळी, हिरवी हेपॅरिन, जांभळी ईडीटीए, शेवटी करडी फ्लोराइड. क्रम पाठ असतोच, 'का' मात्र थोड्यांना येतं: एका ट्यूबमधलं रसायन दुसरीत गेलं की रिपोर्ट बिघडतो. जांभळ्या ट्यूबमधलं ईडीटीए हे पोटॅशियमचं क्षार असतं आणि ते कॅल्शियम बांधून ठेवतं. लाल ट्यूब कमी भरली म्हणून जांभळीतलं रक्त तिच्यात ओतलं, की पोटॅशियम ८च्या वर आणि कॅल्शियम ५च्या आसपास असा रिपोर्ट निघू शकतो. अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइमही खाली येतं. पेशंट धडधाकट आणि रिपोर्ट आयसीयूचा! निळ्या ट्यूबमध्ये एक भाग सायट्रेटला नऊ भाग रक्त लागतं. रेषेपर्यंत भरली नाही तर पीटी, एपीटीटी या रक्त गोठण्याच्या वेळा खोट्याच लांबतात. हे कारणासह सांगणारी मुलं जिथे भेटतील, तिथे शिकवणारे चांगले आहेत असं खुशाल समजा.

भिंतीवर लेव्ही-जेनिंग्ज चार्ट, म्हणजे मशिन रोज बरोबर मोजतं का याचा आलेख, आहे का तेही बघा. चालू महिन्याचे ठिपके हवेत. एखादा ठिपका तीन एसडीबाहेर (म्हणजे मान्य मर्यादेबाहेर) गेलेला आणि शेजारी 'रन थांबवला, कॅलिब्रेशन केलं' अशी नोंद दिसली तर ती लॅब कामाची. सगळे ठिपके मधल्या रेषेवर चिकटलेले दिसले तर मला शंका येते.

पहिली सुई हातात देण्याआधी हेपॅटायटिस बीची लस मागणारी संस्था हवी. शून्य, एक आणि सहा महिने असे तीन डोस लागतात, म्हणून प्रवेश ठरताच पहिला घ्या. नंतर अँटी-एचबीएस, म्हणजे लस लागू पडली का हे दाखवणारी रक्त तपासणी, करा. १०च्या वर हवं.

'स्वतःची लॅब टाका' हे आमिष सर्वांत घातक. डिसेंबर २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की पॅथॉलॉजी रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही चालते. टेक्निशियनच्या एकट्याच्या सहीवर लॅब चालवायचा बेत आखून कर्ज काढू नका.

पहिली नोकरी शे-दोनशे खाटांच्या हॉस्पिटलमध्ये, रात्रपाळीसह. पगार थोडा कमी असेल, पण सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), बायोकेमिस्ट्री, सिरॉलॉजी (प्रतिपिंडांच्या चाचण्या), क्रॉसमॅच (रक्त चढवण्याआधीची जुळवणी) सगळं हाताखालून जातं. मोठ्या साखळीच्या प्रोसेसिंग लॅबमध्ये आयएसओ १५१८९ या लॅबच्या गुणवत्तेच्या आंतरराष्ट्रीय मानकाची शिस्त उत्तम शिकता येते, मात्र पाळीभर एकाच अॅनालायझरवर उभं राहावं लागतं. दुसरी नोकरी म्हणून ती योग्य. रक्तपेढीत जायचं असेल तर नियमाने रक्त तपासणीचा अनुभव लागतो: पदविकेला एक वर्ष, पदवीला सहा महिने. आखातात जायचं मनात असेल तर तुमची कागदपत्रं डेटाफ्लो या पडताळणी कंपनीमार्फत थेट मूळ संस्थेकडून पडताळली जातात. त्यामुळे अनुभवपत्रात विभागांची नावं, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख आणि पद स्वच्छ लिहून घ्या, तेही नोकरी सोडतानाच.