दोन दिवसांचे एकत्रित टीम-प्रशिक्षण : एका नर्सिंग शिक्षिकेचा अनुभव

गेल्या महिन्यात आमच्या नर्सिंग महाविद्यालयातील तिसऱ्या वर्षाच्या ८ विद्यार्थिनींना घेऊन मी पुण्यातील एका सिम्युलेशन केंद्रात (रुग्णाऐवजी पुतळ्यांवर सराव करून घेणाऱ्या केंद्रात) दोन दिवसांच्या एकत्रित प्रशिक्षणाला गेले होते. नर्सिंग, एमबीबीएस इंटर्न, फिजिओथेरपी आणि फार्म-डी (औषधशास्त्राची पदवी) अशा चार शाखांचे मिळून ३२ विद्यार्थी होते, आणि जेवण व प्रमाणपत्र धरून शुल्क प्रत्येकी ३,००० रुपये होते. केंद्राचे नाव येथे दिलेले नाही, कारण मला दिसलेल्या उणिवा मी केंद्रचालकांना स्वतंत्र पत्राने कळवल्या आहेत. अशा प्रशिक्षणावर खर्च करावा की नाही, या विचारात असलेल्या महाविद्यालयांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहीत आहे. आमचे पैसे वाया गेले नाहीत, परंतु ते खऱ्या अर्थाने वसूल झाले ते दुसऱ्या दिवशी.

आपल्याकडे वैद्यकीय, नर्सिंग आणि फिजिओथेरपी हे तिन्ही अभ्यासक्रम नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली चालतात. तरीही या शाखांचे विद्यार्थी एका वर्गात शेजारी-शेजारी बसून शिकल्याचे मी माझ्या नोकरीच्या काळात क्वचितच पाहिले. त्यांची पहिली ओळख वॉर्डात, तीही ड्यूटीच्या घाईत होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१०मध्ये एकत्रित शिक्षणाची जी व्याख्या केली, तिच्यात दोन किंवा अधिक व्यवसायांच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकावे, अशा तीन गोष्टी आहेत. नुसते एका सभागृहात बसवल्याने यांपैकी एकही साधत नाही, हे पहिल्या दिवशीच्या सकाळने मला पुरेपूर दाखवून दिले.

त्या सकाळी सलग तीन व्याख्याने झाली. वक्ते जाणकार होते, परंतु विषय मांडला गेला तो केवळ डॉक्टरांच्या बाजूने. इंटर्न पुढच्या रांगांत, फिजिओथेरपीचे विद्यार्थी मधे आणि आमच्या मुली सर्वांत मागे बसल्या. कोणीही तसे सांगितले नव्हते. नोंदणीच्या वेळी दिलेल्या बिल्ल्यांवर इंटर्नची पूर्ण नावे 'डॉ.' लावून छापलेली होती, तर आमच्या विद्यार्थिनींच्या बिल्ल्यांवर 'नर्सिंग – १', 'नर्सिंग – २' असे आकडे होते. यादी उशिरा मिळाल्याचे कारण सांगण्यात आले, पण ती आम्ही १० दिवस आधी पाठवलेली होती. मला याचे मनापासून वाईट वाटले. ज्या मुलीच्या छातीवर नावाऐवजी आकडा लावला आहे, तिने उत्साहाने हात वर करावा, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

दुपारी टीम-बेस्ड लर्निंग, म्हणजे गटाने मिळून शिकण्याची पद्धत, वापरली गेली आणि चित्र थोडे बदलले. ही पद्धत अमेरिकेतील ओक्लाहोमा विद्यापीठात लॅरी मायकेलसन यांनी १९७०च्या दशकात, वर्गातील विद्यार्थिसंख्या फार वाढल्यावर, व्यवस्थापनशास्त्राच्या तासांसाठी उभी केली. पुढे ती वैद्यकीय शिक्षणात आली. तिच्यात विद्यार्थी घरून वाचून येतो, प्रथम एकट्याने छोटी चाचणी देतो आणि मग तीच चाचणी गटाने मिळून सोडवतो. गटाच्या चाचणीसाठी खरवडायचे कार्ड असते: चारही पर्यायांवर चंदेरी थर, आणि बरोबर पर्यायाखाली तारा.

मी ज्या गटामागे उभी होते, त्याच्यासमोर श्वासनलिकेतील स्राव ओढून काढण्याचा, म्हणजे सक्शनचा, प्रश्न होता: एका वेळी जास्तीत जास्त किती सेकंद? पर्याय १५, ३०, ४५ आणि ६० असे होते. आमच्या विद्यार्थिनीने एकट्याच्या चाचणीत १५ लिहिले होते, आणि ते मी पाहिले होते. गटात मात्र ती "पंधरा असावं" इतकेच पुटपुटली. इंटर्नने आत्मविश्वासाने ३० खरवडले. तारा निघाला नाही. क्षणभर सगळे गप्प झाले, आणि मग त्यानेच कार्ड तिच्यापुढे सरकवले व म्हणाला, "तुम्ही आधी पंधरा म्हणालात ना? तुम्हीच खरवडा." तिने नखाने खरवडले आणि तारा दिसला. पुढच्या प्रश्नापासून तो गट प्रत्येक वेळी तिचे मत विचारूनच पुढे गेला, आणि तिचा आवाजही हळूहळू चढत गेला. सकाळच्या तीन व्याख्यानांनी जे झाले नाही, ते एका चुकलेल्या उत्तराने झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक अनुभवी भूलतज्ज्ञ प्रशिक्षक आले. त्यांनी सर्वांचे बिल्ले काढून ठेवायला लावले आणि सर्जिकल टेपच्या तुकड्यांवर प्रत्येकाने आपले नाव व आपले काम स्वतः लिहून ॲप्रनवर चिकटवावे, असे सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया सुरक्षितता यादीत १९ बाबी आहेत, आणि छेद घेण्यापूर्वी टीममधील प्रत्येकाने नाव व भूमिका सांगावी, ही त्यांपैकी एक आहे. ज्याने आपले नाव एकदा उच्चारले, तो पुढे धोका दिसल्यास बोलण्याची शक्यता वाढते, असे त्यांनी समजावले. आदल्या दिवशीच्या बिल्ल्यांबद्दल त्यांना कोणी काही सांगितले नव्हते. तरीही माझ्या मनातली गोष्ट तिथेच मिटली.

त्यानंतरचा प्रसंग मी विसरणार नाही. मॅनिकिनला, म्हणजे सरावाच्या पुतळ्याला, हृदयक्रिया बंद पडलेला रुग्ण मानून ८ जणांच्या टीमला १० मिनिटे देण्यात आली. टीमचे नेतृत्व चिठ्ठी टाकून ठरवले गेले आणि ते आमच्या एका विद्यार्थिनीकडे आले. छाती दाबण्याचा वेग मिनिटाला १०० ते १२० आणि खोली ५ ते ६ सेंटिमीटर, हे सर्वांना पाठ होते. कठीण होते ते दर दोन मिनिटांनी दाबणारी व्यक्ती बदलणे, कारण दमलेला माणूस स्वतःहून बाजूला होत नाही. वेळ सांभाळण्याचे काम फार्म-डीच्या विद्यार्थ्याकडे होते. अशा वेळी द्यायच्या ॲड्रिनॅलिन या औषधाची मागणी झाली तेव्हा फिजिओथेरपीच्या विद्यार्थिनीने ट्रेमधून एक ॲम्प्युल (औषधाची छोटी काचेची कुपी) उचलले. फार्म-डीच्या मुलाने ते तिच्या हातातून घेऊन लेबल मोठ्याने वाचले: "ॲट्रोपिन, शून्य पूर्णांक सहा मिलिग्रॅम." प्रशिक्षकांनी सारख्या दिसणाऱ्या दोन ॲम्प्युल जाणीवपूर्वक शेजारी ठेवल्या होत्या. टीमची प्रमुख न गडबडता म्हणाली, "ॲड्रिनॅलिन एक मिलिग्रॅम, वाचून द्या," आणि देणाऱ्याने तीच मात्रा पुन्हा उच्चारून दिली. तोपर्यंत कोपऱ्यात अवघडून उभा राहणारा तो मुलगा त्यानंतर दिवसभर सर्वांत पुढे होता.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या आतून येणाऱ्या प्रेरणेसाठी तीन गरजा सांगितल्या आहेत: निर्णयात स्वतःचा वाटा, आपल्याला जमते ही खात्री, आणि आपण या लोकांतले आहोत ही भावना. हे मी बी.एड.च्या पुस्तकात नव्हे, त्या ट्रेपाशी पाहिले. आमच्या विद्यार्थिनींना ओढ लागली ती प्रमाणपत्राची नव्हे. आपले काम चुकले तर रुग्ण दगावेल आणि आपले काम या टीममध्ये दुसरे कोणी करणार नाही, हे त्यांना स्वतःच्या हातांनी कळले. स्वीडनमधील लिंकपिंग विद्यापीठाने १९९६मध्येच वेगवेगळ्या शाखांच्या विद्यार्थ्यांना देखरेखीखाली खरा वॉर्ड मिळून चालवायला दिला होता. आपल्याकडे तेवढे शक्य होईल तेव्हा होवो, पण निदान मॅनिकिनसमोर तरी खरी जबाबदारी द्यायला काय हरकत आहे?

प्रसंगानंतरची चर्चा ४० मिनिटे चालली आणि ती उत्तम होती. प्रशिक्षक सर्वांत कमी बोललेल्यापासून सुरुवात करत आणि "चूक कोणाची" असे न विचारता "त्या क्षणी तुम्हाला काय दिसत होते" असे विचारत. दुर्दैवाने चौथ्या गटाची चर्चा वेळेअभावी १० मिनिटांत गुंडाळली गेली, आणि त्या गटात आमच्या दोन विद्यार्थिनी होत्या. त्यांच्या प्रसंगात मॅनिकिनची हवेची नळी निसटली होती. दोष यंत्राचा की आपला, हे त्यांना शेवटपर्यंत कोणी सांगितले नाही. परतीच्या एस.टी.त त्या दोघी गप्प होत्या. अर्धवट चर्चेपेक्षा प्रसंगच घेतला नसता तर बरे झाले असते, इतके हे मला गंभीर वाटते. याशिवाय व्याख्यानांच्या छापील प्रती केवळ इंग्रजीत होत्या, जेवण साधे व चांगले होते, आणि राहण्याची सोय स्वतः करावी लागली.

जाणाऱ्या महाविद्यालयांनी तीन गोष्टी आधीच विचारून घ्याव्यात: एका प्रसंगाला चर्चेसह किती वेळ राखला आहे, टीमचे नेतृत्व कसे ठरते, आणि पहिल्या दिवशी व्याख्यानांऐवजी प्रात्यक्षिक घेता येईल का. या प्रश्नांची उत्तरे मोघम मिळाली, तर थांबावे. आम्ही मात्र पुढील तुकडी याच केंद्रात पाठवत आहोत. त्या तुकडीतील आठही विद्यार्थिनींची पूर्ण नावे टपालाने आणि ई-मेलने, अशी दोन्ही प्रकारे पाठवून झाली आहेत, आणि चौथ्या गटातील त्या दोघींना पुन्हा विनाशुल्क बसू देण्याचे केंद्राने लेखी मान्य केले आहे.