कमर्शियल लायसन्स की ड्रोनचं प्रमाणपत्र? कऱ्हाडच्या एका घरातला हिशेब

भाचा बारावी सायन्स झालाय आणि त्याला वैमानिक व्हायचंय. कऱ्हाडच्या विमानतळावरून शिकाऊ मुलांची छोटी विमानं घिरट्या घालायची, ती बघतच तो मोठा झाला. दाजींचा प्रश्न सरळ होता : "मालवाहू विमानं बिनवैमानिकाची होणार म्हणतात. मग पन्नास लाख घालून लायसन्स काढायचं, का आठवड्याचा ड्रोनचा कोर्स करून कामाला लागायचं?" महिनाभर मी याच्याच मागे होतो. सातारा-सांगलीत अशी बरीच घरं असतील, त्यांच्यासाठी लिहितोय.

आधी प्रत्यक्षात काय झालंय ते. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत रिलायबल रोबोटिक्स या कंपनीने सेस्ना कॅराव्हॅन हे विमान आत एकही माणूस न बसवता उडवलं आणि उतरवलं. उड्डाण बारा मिनिटांचं, जमिनीवरून वैमानिकाची देखरेख. कॅराव्हॅन हे एका इंजिनाचं, टनभर माल नेणारं विमान. सुरुवात त्याच्यापासूनच का, हे आपल्या रस्त्यावरही कळतं. छोटा हत्ती असो की ट्रेलर, ड्रायव्हर एकच. पण किलोमागे त्याचा पगार छोट्या गाडीत कितीतरी जास्त पडतो. शंभर टन नेणाऱ्या बोइंग ७७७ मध्ये दोन वैमानिकांचा खर्च मालावर वाटला तर फारसा जाणवत नाही.

अमेरिकेतल्या नवख्या वैमानिकांना मात्र याची झळ बसेल. लहान गावांची पार्सलं नेणारी कॅराव्हॅन ही तिथे उड्डाणाचे तास जमवायची एक नेहमीची पहिली नोकरी आहे. आपल्याकडे ती पायरी जवळजवळ नाहीच. ब्लू डार्टची बोइंग ७५७ असोत की इंडिगोची मालवाहू ए३२१, कॉकपिटमध्ये दोघं लागतात. आपला मुलगा २०० तासांवर कमर्शियल लायसन्स घेतो, टाइप रेटिंग (म्हणजे ठरावीक प्रकारचं विमान चालवायचं वेगळं प्रशिक्षण) करतो आणि नोकरी मिळाली तर थेट उजव्या, म्हणजे सहवैमानिकाच्या सीटवर बसतो. म्हणून दाजींना म्हटलं, विमान रिकामं कधी होईल याची काळजी नंतर करू, आधी ही उजवी सीट किती वर्षं टिकते ते बघू.

कॉकपिटमधली माणसं याआधीही कमी झाली आहेत. लांबच्या विमानांत एके काळी रेडिओ ऑपरेटर आणि नॅव्हिगेटर असत, ते गेले. १९८९ मध्ये सेवेत आलेल्या बोइंग ७४७-४०० मध्ये इंजिनांवर लक्ष ठेवणाऱ्या फ्लाइट इंजिनिअरची जागाच ठेवली नव्हती. २०२० मध्ये एअरबसने कॅमेऱ्यांच्या आधारे ए३५० आपोआप उडवून-उतरवून दाखवलं. पण लांबच्या उड्डाणात काही तास एकच वैमानिक कॉकपिटमध्ये ठेवायची कल्पना युरोपच्या विमानसुरक्षा संस्थेने तपासली, आणि आजच्या कॉकपिटमध्ये दोघांइतकी सुरक्षितता सिद्ध करता येत नाही, असा निष्कर्ष २०२५ मध्ये दिला. एकाला पेंग आली, चक्कर आली किंवा त्याचा अंदाज चुकला, तर सावरायला शेजारी कुणीतरी लागतं.

भाचा ६५ व्या वर्षी निवृत्त होईल तेव्हा २०७० उलटून गेलेलं असेल. त्याची पहिली पंधरा वर्षं मला सुरक्षित वाटतात, आणि तेवढ्यात तो डाव्या, म्हणजे कॅप्टनच्या सीटवर पोचलेला असावा. शेवटच्या पंधरा वर्षांची हमी मी देणार नाही.

मला जास्त धास्ती कर्जाची आहे. ५० लाख, दहा टक्के व्याज, पंधरा वर्षं धरली तर हप्ता ५३,७०० च्या आसपास बसतो. टाइप रेटिंगचे लाखो रुपये वेगळे. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानं मागवली हे खरं. पण विमानं मागवली म्हणून लायसन्स हातात पडल्या पडल्या बोलावणं येतं असं नाही. दोन वर्षं घरी बसावं लागलं तर नुसतं व्याजच महिन्याला चाळीस हजारांवर जातं, आणि तारण असते ती वडिलांची जमीन.

आता ड्रोन. पलूसकडे उसातली फवारणी मुद्दाम बघून आलो. ऊस डोक्याच्या वर गेलेला, पाठीवर पंप घेऊन आत शिरणं अशक्य. पोरगा बांधावर रिमोट घेऊन उभा, जोडीदार दहा लिटरची टाकी भरतोय, पिकअपमध्ये जनरेटरवर पुढची बॅटरी चार्ज होतेय. उतरवलेली बॅटरी इतकी तापलेली की ती पोत्यावर सावलीत ठेवली. दहा मिनिटांच्या आत एकर उरकला. चांगलं, गरजेचं काम आहे, पण हंगामी. आणि मशीन स्वतःचं नसेल तर कमाई मालकाची.

ड्रोनच्या प्रमाणपत्राला वय १८ आणि दहावी पास एवढं पुरतं. मात्र प्रमाणपत्र वजनाच्या वर्गाप्रमाणे मिळतं : २ ते २५ किलो 'स्मॉल', २५ ते १५० 'मीडियम'. भरलेल्या टाकीसह फवारणीचा ड्रोन पंचविशी ओलांडू शकतो, तेव्हा वर्ग विचारूनच पैसे भरा. दाजींचा मोठा गैरसमज इथे होता. त्यांना वाटायचं, आज ड्रोन शिकला की उद्या बिनवैमानिकाचं विमान हाकेल. २०२१ चे ड्रोन नियम ५०० किलोपर्यंतच लागू आहेत आणि कॅराव्हॅन भरल्यावर चार टनांच्या घरात जाते. त्या चाचण्यांत जमिनीवर बसतात तेही लायसन्सधारी वैमानिकच.

माझं मत असं : निम्मे पैसे तरी घरचे असतील आणि दोन वर्षं बिनपगारी निघणार असतील, तर कमर्शियल लायसन्स. सगळी जमीन गहाण पडणार असेल, तर आत्ता पदवीला प्रवेश घ्या, जोडीला ड्रोन शिका. लायसन्स पंचविशीतही काढता येतं. आणि कोणत्याही फ्लाइंग स्कूलला रुपया द्यायच्या आधी वैद्यकीय तपासणी करून घ्या, आधी प्राथमिक क्लास २ आणि मग कमर्शियल लायसन्सला लागणारी क्लास १. पुढच्या आठवड्यात भाच्याची क्लास २ आहे. त्याला चष्मा आहे, तो चालतो; रंग नीट ओळखता येतात का, ते तिथे कळेल.